टायरला अकरा टाके

बॅगा शिवणाऱ्या मावशींच्या दुकानातून फाटकी वस्तू तशीच परत गेली, असं तीस वर्षांत घडलं नव्हतं. त्यामुळे निवृत्त हेडमास्तर सायकलचा फाटका टायर गळ्यात घालून दारात आले, तेव्हा त्या पोट धरून हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत.

सहाशे किलोमीटरच्या सायकल सहलीचा शेवटचा दिवस. मास्तरांनी ट्यूब घेतल्या होत्या सहा, जादा टायर एकही नाही! सोबती पुढे गेलेले. मागून सामानाची गाडी येत होती. तिच्यात बसायचं म्हणजे "तुम्हाला झेपणार नाही" म्हणणाऱ्या बायकोपुढे नाक कापून घेणं.

"मास्तर, शाळा कशी चालवलीत हो?" म्हणत मावशींनी आतून चामड्याचा तुकडा लावला आणि जाड सुईने अकरा टाके घातले. टायर चढवून मास्तरांनी हवा भरली आणि पाकीट काढलं.

"पैसे राहू द्या. आधी मी चालवून बघणार," म्हणत मावशी सायकलवर बसल्यासुद्धा. शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून टाळ्या वाजवायला बाहेर आला.

तेवढ्यात गाडी आली. "चला सर, बसा," ड्रायव्हर म्हणाला.

"छे! मी सायकलनेच येणार," मास्तर ऐटीत म्हणाले. "मावशी उतरल्या की लगेच निघतो. ही त्यांची चौथी फेरी आहे."