दुसरं पोतं

वडवणीच्या आठवडी बाजारात माझी बायको लसूण विकायची. शेजारी एक मिरचीवाली बसायची. तिचं नाव मला आजबी ठाऊक न्हाई. बाजारात रीत हाय, शेजारीण आली न्हाई तर तिचं पोतं आपण अंथरायचं, म्हणजे जागा कुणी घेत न्हाई. बायको वारली, तरी मिरचीवाली दर बाजारी दोन पोती अंथरायची. रडायला माणसं लई आली होती, जागा धरायला हीच.

परवा बाजाराच्याच मैदानात नगरपंचायतीची सभा झाली, मीबी गेलो होतो. तिथं सरकारी पैशातून खाली दुकानं, वर फ्लॅट बांधायचे म्हणे. मिरचीवाली आपल्या जाग्यावर दोन पोती अंथरून, मिरच्यांचे देठ खुडत बसली.

साहेब म्हणाले, "मावशी, तुम्हालाही गाळा मिळेल. फक्त अनामत भरा."

"सरकारचा पैसा म्हंजी आमचाच. मग आमच्याच जाग्याची अनामत कावून भरू?"

"बरं, खुर्चीवर तरी बसा."

"उठले की जागा गेली, साहेब."

लोक हसले. साहेब चिडले. "आणि हे दुसरं पोतं? इथं तर कुणीच नाही. उचला ते!"

शिपाई वाकला. मी चपला काढल्या आन त्या पोत्यावर जाऊन बसलो.

मिरचीवालीनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मूठभर मिरच्या पुढं सरकवल्या आन म्हणाली, "घ्या, देठ खुडा."