ट्रॅफिकमध्ये अडकलेली मैत्रीण

शाळेत इंग्रजी शिकवताना मी फळ्यावर लिहून द्यायचे, ट्रॅफिक म्हणजे वाहतूक. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि विषय संपायचा. शब्दकोशात पुढे 'व्यापार' असाही अर्थ होता, पण तो परीक्षेत कधी येत नसे.

शाळा सोडल्यावर मी डोंबिवलीत घरीच शिवलेल्या नऊवारी करू लागले. नेसायला सोपी, चालताना न सुटणारी, असा कासोट्याचा नमुना मी वर्षभर खपून बसवला होता. बाळकुमला राहणारी माझी मैत्रीण जुनी, शाळेतलीच. ती म्हणाली, "तू शिव, बाकीचं मी बघते." फोनवरचं पेज, फोटो, गिऱ्हाइकांशी बोलणं, सगळं तिच्याकडे. दर गुरुवारी ती स्कूटीवरून तयार साड्या न्यायला यायची.

गेल्या वर्षी ती उशिरा येऊ लागली, मग येईनाशी झाली. फोन केला की म्हणायची, "अगं, ट्रॅफिकमध्ये अडकलेय." माजिवडा, कळवा, जागा बदलायची. मला शंकाही आली नाही. तो रस्ता सगळ्यांनाच अडकवतो.

एका गुरुवारी तिची वाट बघून मी अस्तराचं कापड आणायला विठ्ठलवाडीला गेले. स्टेशनबाहेरच्या गल्लीत एका गाळ्यात आठ-दहा मशिनी चालू होत्या. दाराशी ती उभी होती. तिच्या हातात माझ्या त्या कासोट्याच्या, खाकी कागदावर कापलेल्या कटिंग्ज होत्या. फोटो काढायला म्हणून नेल्या होत्या तिने.

मी रस्त्यापलीकडूनच फोन लावला. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि उचलला.

"कुठे आहेस गं?"

"माजिवड्याला. हलतच नाहीये काही."

मी रस्ता ओलांडून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. फोन अजून तिच्या कानाशी होता. ती लाजेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "हे बघ, पेजवरचं ट्रॅफिक माझं आहे. लोक माझ्यामुळे येतात. तू एकटी किती शिवणार?"

ट्रॅफिकचा हा अर्थ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तिच्या हातातल्या कटिंग्ज मी काढून घेतल्या. तिने सोडल्या, कारण कारागिरांनी नमुने केव्हाच उतरवून घेतले होते.

त्यानंतर दोन महिने जुन्या गिऱ्हाइकांपैकीही कोणाचा फोन आला नाही. लोकांना तिकडे स्वस्त मिळत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग मोहने गावातल्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई सुनेला घेऊन दारात आल्या. मला मशीनवर बसलेली बघून त्या थबकल्या.

"तुम्ही शिवता अजून? आम्हाला तर कळलं, तुमची नजर गेली."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या मैत्रिणीनेच. म्हणून म्हटलं, एकदा भेटून तरी यावं."

त्यांनी माझ्यासाठी पिशवीत चिकू आणले होते. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर तीच माझ्याकडे राहिली होती, घड्याळ लावून डोळ्यांत थेंब घालायची. त्याच दिवसांतून तिने ही थाप उचलली होती.

नमुने चोरीला गेल्याचं मी कधीतरी विसरेन. हे नाही विसरता येत.

बाईंना मी एवढंच म्हटलं, "दिसतं मला. सुनेला उजेडात उभं करा." आणि मापं घ्यायला सुरुवात केली.