शालिकनं बुडवलेला डोंगा

रोवण्याचे दिवस होते. आम्ही दोघी नणंद-भावजय चिखलात वाकून धानाची रोपं लावत होतो, आणि राइस मिलचा मुनीम सायकल शेताच्या कडेच्या धुऱ्यावर आडवी टाकून चपलांसकट बांधीत, त्या धानाच्या चिखलात, शिरला. चपला घालून बांधीत कोणी उतरत नाही आमच्याकडे. त्या चपला पाहिल्या आणि मी हातातली रोपांची जुडी चिखलातच सोडली. मिलच्या फोनवर निरोप आला होता. शालिक जहाजावरून लाटेसोबत वाहून गेला. शोधलं, सापडला नाही. मुनीम सांगत होता आणि माझी भावजय पार्वता हातातली जुडी संपेपर्यंत रोपं लावतच राहिली. मग कंबर सरळ करून म्हणाली, "वाहून गेला ना? मंग येते पोहत. माहा पोट्टा पाण्यात मरत नाही."

शालिक म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, सोमाचा एकुलता मुलगा. तिशीसुद्धा गाठली नव्हती. आम्ही ढिवर लोक. अड्याळकडच्या आमच्या गावच्या तलावात मासे धरायचे, शिंगाडे लावायचे, आणि रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीला जायचं. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले तेव्हा हे पोर रांगत होतं, माझ्याच मांडीवर वाढलं म्हणा ना. आमच्या घरात एक डोंगा आहे, एका अखंड मोहाच्या खोडातून माझ्या वडिलांनी कोरलेली लहान होडी. हे वडील तरुणपणी वैनगंगेच्या पुरात वाहत गेले होते, ते पोहत पोहत थेट पवनी गावाच्या खाली जाऊन निघाले. शिंगाडे सोलता सोलता दरवर्षी ही गोष्ट व्हायची, आणि शालिक दरवर्षी तेच विचारायचा.

"आजा, हात नाही दुखले?"

"हात कायले दुखतात रे? काठ दिसून राहिला होता ना. काठ दिसला की माणूस थकत नाही."

"आन् दिसला नसता तं?"

यावर म्हातारा सोललेला शिंगाडा नातवाच्या तोंडात कोंबायचा.

आणीबाणी उठली त्या साली शालिक वरठीहून गाडीत बसला आणि कलकत्त्याला जहाजाचं काम शिकायला गेला. गावात हसले लोक. ढिवराचं पोर तलाव सोडून समुद्रावर चाललं! पण पहिल्या रजेवर आला तर ओसरीत बसायला जागा नाही. सोमानं विचारलं, "आपल्या तलावाहून केवढा मोठा हाय रे?" तो म्हणाला, "बाबा, पल्याडचा काठच नाही दिसत." सोमाला ठाऊक होतं ते पाणी मातीच्या पाळीनं, बांधानं, अडवलेलं. "मंग पाळ कोणं बांधली?" सगळे हसले. शालिक सर्वांत जास्त हसला, पण नंतर मला हळूच म्हणाला, "आत्याबाई, पहिल्या दिवशी मीबी हेच धुंडून राहिलो होतो."

रजा तो शक्यतो डोंग्याच्या हिशेबानं घ्यायचा. डोंगा उन्हाळ्यात कोरडा राहिला तर लाकूड तडकतं. म्हणून होळीनंतर त्यात दगड भरून तलावाच्या खोलगट भागात तो बुडवून ठेवतात. शिंगाडे काढायच्या आधी बुडी मारून दगड काढले की आपसूक वर येतो. यंदा होळीला आला होता, त्यानंच बुडवला. ओल्या अंगानं पाळीवर उभा राहून म्हणाला, "मी येईन तवा मीच काढीन. कोणी हात नोको लावू."

पार्वतानं ते शब्द धरून ठेवले.

निरोपानंतर काही दिवसांनी जहाज कंपनीचा माणूस घरी आला. भला होता बिचारा, खाली मान घालून बोलत होता. सोमानं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "वारा कोण्या अंगानं होता, साहेब?" तलावात कोणी बुडालं तर वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे शोधायचं, एवढं आम्हाला ठाऊक. "वाऱ्याच्या अंगाचा काठ पाहिला का तुमी?" त्या माणसानं पेला खाली ठेवला. "काका... तिथं काठ नव्हता हो. कुठल्याच बाजूला."

त्यानंतर घर नुसतं थकत गेलं. भांडण नाही, रडारड नाही. सोयरे म्हणाले, देह नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करा आणि क्रिया उरकून टाका. पार्वता ऐकेना. शिंगाड्याचे दिवस तोंडावर आले, पोट त्याच्यावरच, पण डोंग्याला ती हात लावू देईना. डोंगा काढला म्हणजे पोरगा येणार नाही हे मान्य केलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सोमा रोज पाळीपर्यंत जायचा आणि परत यायचा. ती रोज पाळीवर बसायची. मी दोघांची ताटं झाकून ठेवायची.

एका दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती पाण्याकडे पाहत होती. मग सासऱ्यांचं बोलणं आठवून म्हणाली, "बाई, बाबाजी काय म्हनत होते वं? काठ दिसला की माणूस थकत नाही?"

"हो."

"आन् तिथं तं काठच नव्हता म्हनतात."

मी तिच्याजवळ सरकले.

"मंग तो अजून पोहूनच राहिला असन. मी इथं बसून हाओ म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लय थकला असन वं पोट्टा. आता त्याले थांबू द्या. सांगा तुमच्या भावाले, डोंगा काढा म्हना."

सोमा पाण्यात उतरला. ती मागोमाग गळ्यापर्यंत गेली. तो बुडी मारून एकेक दगड वर आणायचा आणि ती तो हातात घेऊन काठाशी आणून ठेवायची, धुतलेल्या भांड्यासारखा. डोंगा हलला, बुडबुडे आले, काळं लाकूड वर दिसलं. कुठंही तडा नव्हता. टोकाशी, लहानपणी शालिक बसायचा तिथं, एक दगड राहिला होता. सोमानं हात घातला तशी पार्वता म्हणाली, "तो राहू द्या."

क्रिया दुसऱ्याच दिवशी झाली.

आता शिंगाडे काढणं सुरू आहे. डोंगा पुढून जरासा दबून चालतो, कोणी हलकं माणूस टोकाशी बसलं असावं तसा. काल मी पाळीवर होते. शेजारचा एकजण सोमाला ओरडून म्हणाला, "काहून वझं वाहून राहिला रे बाप्पा? फेक ना तो गोटा!"

सोमानं बांबू पाण्यात रोवला, मागं वळून न पाहता म्हणाला, "असू दे. डोंग्याले सवय हाय."