कानाला लावलेला व्हिडिओ कॉल

व्हिडिओ कॉल आला की काका फोन कानाला लावायचे. तिकडे जर्मनीत बसलेल्या मुलीला पडद्यावर बापाचा नुसता कान दिसायचा. ती ओरडायची, "बाबा, फोन समोर धरा! माझं तोंड तरी बघा!"

"तोंडाचं काय, तू हसून दाखवशील," काका म्हणायचे. "मला ऐकू दे."

कळव्याला आमच्या मजल्यावर त्यांचं दार आमच्या दारासमोर. ठाण्याच्या एका कंपनीतून निवृत्त झालेला, सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. सगळी इमारत त्यांना काका म्हणायची. "होऊ नये, पण" हे त्यांचं पालुपद. होऊ नये, पण गच्चीवरची टाकी फुटली तर? होऊ नये, पण गणपतीच्या माळेत शॉर्टसर्किट झालं तर? पोरं त्यांची नक्कल करायची. तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो, आणि गावाला जाताना किल्ली मात्र त्याच्याकडेच ठेवून जातो.

बायको गेली तेव्हा जुई शाळेत होती. ह्या भित्र्या माणसाने तिला एकट्याने वाढवलं. तिला परदेशात मास्टर्सला प्रवेश मिळाला तेव्हा मला वाटलं, आता हे मोडता घालणार. पण नाही.

"नको कसं म्हणू, वहिनी? माझी भीती तिच्या गळ्यात कशाला अडकवू?"

जुई गेली आणि तिचा आठवडा आम्हालाही पाठ झाला. सोमवारी लेक्चर, मंगळवारी लॅब, बुधवारी जर्मनचा क्लास, गुरुवारी सेमिनार. शुक्रवार-शनिवार ती एका बेकरीत काम करायची. रविवारी तिथली सगळी दुकानं बंद. "गाव सुतकात असल्यासारखं वाटतं," असं ती सांगायची. दूध घ्यायला दार उघडलं की काका मला बातमी द्यायचे, "आज लॅब आहे तिची. सांडपाणी तपासणार." जणू आमच्याच नळाला त्या सायंकाळी पाणी येणार होतं!

आणि कानाला फोन लावून ते मुलीच्या मागचं जग ऐकायचे. ट्रामची घंटा, मेसमधले चमचे, कॉरिडॉरमधून जाणारे बूट. "आज गर्दी होती तिच्या मागे," असं समाधानाने सांगायचे.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एकदा ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. बेल वाजवायचंही सुचलं नव्हतं.

"वहिनी, तिच्या मागे आवाज नाही."

"म्हणजे?"

"लॅबमधून निघालेय म्हणते. पण ट्राम नाही, माणूस नाही. नुसता फ्रीज घरघरतो. होऊ नये, पण..."

त्यांचं ते वाक्य अर्धं राहिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकला. "छान झाली लॅब, बाबा. खूपच छान," जुई म्हणाली. आवाज गोड होता. नको इतका गोड. आणि त्याच्यामागे खरोखरच एक फ्रीज घरघरत होता.

त्यानंतर तिने फोन उचलणं बंद केलं. रिंग जायची, जायची आणि तुटायची. काका आमच्याकडे येऊन बसायचे, चहा पुढे ठेवला तर कपाकडे बघत राहायचे. शेवटी त्यांना आमिना आठवली. जुईच्या शेजारच्या खोलीत राहणारी केनियाची मुलगी. जुईच्या वाढदिवसाला आमिनाच्याच फोनवरून एकदा कॉल आलेला. इंग्रजी बोलायचं म्हटलं की काकांना घाम फुटायचा. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "माय डॉटर. प्लीज."

आमिनाने सांगितलं ते मी त्यांना मराठीत सांगत गेले. जुई एका पेपरात नापास झालेली. तेव्हापासून कित्येक आठवडे ती वर्गात गेलेली नव्हती. बेकरीचं कामही सुटलेलं. पडदे ओढून खोलीत पडून असायची. आणि कालपासून तर ती दारही उघडत नव्हती.

"आत आहे ना?" काकांनी विचारलं. "विचारा तिला. आत आहे ना माझी मुलगी?"

"आहे," आमिना म्हणाली. "आत्ताच नळाचा आवाज आला."

"मग फोन दाराला लाव, म्हणावं."

तिने लावला. काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"जुई, मी बोलतोय. क्लासला जाऊ नकोस. परीक्षाही देऊ नकोस. मी रागावलेलो नाही गं. फक्त दार उघड."

खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते, ते मला नकोसं झालं. मी खिडकी लावून घेतली.

"जुई," काका म्हणाले, "मला भीती वाटतेय."

जन्मभर घाबरत आलेल्या त्या माणसाने हे शब्द मुलीसमोर कधी उच्चारले नव्हते. नेहमी टाकीचं नाव घ्यायचे, माळेचं घ्यायचे. मग तिकडे कडी सरकली, आणि दोन मुलींचं रडणं एकदमच ऐकू आलं. काका खाली बसले. खुर्ची मागे सरकलेली होती, ते जमिनीवरच बसले.

आमिनाने जुईला विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे नेलं. काकांच्या व्हिसाला काही आठवडे लागले. तोवर रोज फोन, रोज तोच प्रश्न, "जेवलीस?" ठाण्याला जाऊन त्यांनी जाडजूड जॅकेट आणलं. विमानतळावर त्यांचा हात बर्फासारखा गार होता. कधी नाशिकपलीकडे न गेलेला माणूस! आत शिरताना ते वळले. मला वाटलं, आता रडतात.

"वहिनी, गॅस बंद केला ना मी?"

तिथे ते रोज जुईबरोबर वर्गापर्यंत जायचे आणि बाहेरच्या बाकावर तिचा डबा मांडीवर घेऊन बसायचे. येणारी-जाणारी मुलं त्यांना प्राध्यापक समजून आदराने मान लववायची. काकाही घाबरून उलट मान लववायचे. वसंत आला तेव्हा एका सकाळी जुई म्हणाली, "बाबा, आज तुम्ही येऊ नका. मी जाते." ती वर्ग आटोपून, येताना पाव घेऊन परत येईपर्यंत ते खिडकीतून हलले नाहीत.

परत आल्यावर मला हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. "एकदासुद्धा वळून नाही बघितलं हो तिने!"

जुईचं शेवटचं सत्र चालू असताना काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. ज्या हजार गोष्टींना ते भ्याले, त्यांतली एकही झाली नाही.

जुई आली. दिवस झाले. निघायच्या दिवशी तिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मला राहवेना. "आता एकटी राहशील तिथे? भीती नाही वाटत?"

"वाटते ना, काकू. खूप वाटते." तिने बॅग उचलली. "पण सोमवारी लेक्चर आहे."

ती जिना उतरू लागली. पहिल्या वळणावर थांबली, कठडा घट्ट धरला. खूप वेळ तशीच उभी होती. मग तिने हात सोडला आणि उतरून गेली.