डाव्या कडेची कात्री

रफूचं काम करणाऱ्या माझ्या सासूबाई कोणावरही चटकन विश्वास ठेवत नाहीत. गिऱ्हाईक "नवाच कोट आहे हो" म्हणालं, की त्या आधी कोट उलटा करून शिवण बघतात. कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागा काढायचा, डावा डोळा मिटून तो सुईत ओवायचा आणि भोक असं बुजवायचं की मालकालाही सापडू नये. चाळीस वर्षं हेच.

गेल्या महिन्यात टेबलाच्या डाव्या कडेची कात्री नाहीशी व्हायला लागली. संशय अर्थातच माझ्यावर.

"सूनबाई, कात्रीला पाय फुटले वाटतं?"

"कोपराशीच आहे की, आई."

"आत्ता ठेवलीस!"

संशय मलाही येत होता, पण वेगळाच. विंचरताना त्या कानशिलाला कंगवा लागू देत नव्हत्या. जेवताना चार घास चावले की जबडा धरून थांबायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "कवळीत फसवलं त्या मेल्या दातांच्या डॉक्टरनं." डोकेदुखीचं खापर उशीवर.

मग एका दुपारी त्या ओरडल्या, "दिवा का घालवलास?"

दिवा लावलेलाच नव्हता. मी समोर जाऊन उभी राहिले. "उजवा डोळा मिटून बघा."

"मी डावा मिटते. कायम."

"म्हणूनच सांगतेय."

त्यांनी मिटला. हळूच विचारलं, "कुठे गेलीस गं?"

तशीच रिक्षा केली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कानशील चाचपलं. इथली रक्तवाहिनी सुजलीय, त्याच सुजेनं डाव्या डोळ्याचा रक्तपुरवठा तोडलाय, म्हणाल्या. तो परत येणं कठीण. उजवा वाचवायचा, तर स्टेरॉइड आजच सुरू. रक्तवाहिनीचा तुकडा तपासायला नंतर काढू.

सासूबाई माझ्या कानाला लागल्या. "तपासायच्या आधीच औषध? काहीतरी काळंबेरं आहे हिचं."

"कोटाचा एक धागा सुटला, तर गिऱ्हाइकाला काय सांगता तुम्ही?"

"आजच आण. उद्या हातभर फाटेल."

एवढं बोलून त्यांनीच औषधासाठी हात पुढे केला.

उजवा टिकला. आता रोज सकाळी मला दारात उभं करून त्या एकेक डोळा मिटतात. उजवा मिटला की "गेलीस", डावा मिटला की "आहेस अजून."

परवा बघते तर कात्री टेबलाच्या उजव्या कडेला.

"ही इकडे कोणी ठेवली, आई?"

"चोरानं," त्या म्हणाल्या आणि सुईत धागा ओवू लागल्या.