सुमनबाईंचा रविवारचा चहा

मागच्या महिन्यात एका सकाळी रश्मीचा पुण्याहून फोन आला. "सर, आई गेली. मी निघतेय." दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं; पहाटे इस्पितळातच गेल्या, तिथून आधी तिलाच कळवलं. सुमनबाई रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी गणित. निवृत्तीनंतर एकाच आळीत राहिलो, म्हणून ओळख सुटली नाही. तिला मैत्री म्हणायला दोघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं...

बाईंना चहाच्या मसाल्यांचा नाद होता. परसात दालचिनीचं झाड होतं, जायफळं मालगुंडच्या एका बागेतून यायची. दर रविवारी चार वाजता त्या तीन चहा करायच्या. एक सुंठ-मिरीचा, एक दालचिनी-वेलचीचा आणि तिसरा त्या आठवड्याचा प्रयोग. आधी मुकाट्याने प्यायचं, मग बोलायचं. पहिल्या दिवशी मी "छान झालाय" म्हणालो, तर म्हणाल्या, "सर, नुसतं उत्तर नको. रीत दाखवा." मग हळूहळू शिकलो. मिरी घशाला लागते, सुंठ त्याच्याही खाली उतरते, वेलची मागाहून नाकात येते. आमची मतं क्वचितच जुळायची. वादात बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघायचं.

दोन वर्षांपूर्वी त्या आठ-दहा दिवस आजारी होत्या. त्यानंतर वाद थांबले. मी बोलायचो, त्या लक्ष देऊन ऐकायच्या. वयानं मवाळ झाल्या, असं मी समजलो. एका रविवारी तिसऱ्या चहात जायफळ इतकं पडलं होतं की मला घोट गिळवेना. बाई शांतपणे पीत होत्या.

"बाई, जायफळ फार झालंय."

त्यांनी कप खाली ठेवला. "मेलं काही कळतच नाही हो, सर. आजारात वास गेला तो गेलाच. गरम आणि गोड, तेवढंच उरलंय." मग म्हणाल्या, "रश्मीला बोलू नका. गॅस सुटला तरी आईला समजायचं नाही म्हणेल, आणि पुण्याला नेईल. मला इथेच राहायचंय."

मी कबूल झालो. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन वास घेऊन यायचो. रविवारी मी सांगेन तसा त्या मसाला कमी-जास्त करायच्या. हे बरोबर होतं का, ते मला आजही ठरवता येत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर रश्मीनं त्याच मसाल्याचा चहा केला. "आई दर रविवारी फोनवर सांगायची, या खेपेला सुंठ पुढे आलीय, वेलची मागे पडलीय... शेवटपर्यंत चव किती शाबूत होती तिची!"

ती वाक्यं माझी होती. "हो," मी म्हणालो.

रश्मी परत गेली. किल्ली माझ्याकडे आहे. सिलिंडर नेलाय, तरी संध्याकाळी मी कुलूप काढतो आणि ओट्यापाशी उभा राहून एक मोठा श्वास घेतो. मसाल्याचा वास अजून येतो. रोज थोडा कमी.