मामांचं गाव चेक

सिल्वासात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचं गाव दुसरीकडे असतं, पण ते थेट युरोपात आहे असं छातीठोकपणे सांगणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा. बायकोचे हे सख्खे मामा. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर उभा जन्म काढून निवृत्त झाले आणि आलेल्या प्रत्येक कागदाला ‘कुठून आला?’ विचारायची सवय घरी घेऊन आले. भेंडी कुठून आली, पाहुणे कुठून आले, जावई कुठून आला. जावई म्हणजे मी, रत्नागिरीहून इथं शाळेत मास्तर म्हणून आलेला. माझी आवक त्यांनी लग्नाआधीच सात पिढ्यांपर्यंत तपासून घेतली होती. त्यांची स्वतःची मात्र वडिलांपाशी येऊन थांबायची. वडिलांच्या मागचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. लहानपणी ‘बाबा, आपलं गाव कुठलं?’ असं विचारलं की वडील म्हणायचे, “गप जेव.”

आता तुम्ही म्हणाल, नसलं गाव तर काय बिघडलं? बिघडतं हो. आमच्या बिल्डिंगमध्ये राहून बघा. शिमगा आला की आम्ही कोकणातले पसार, अखजी आली की खानदेशवाले पसार, दिवाळीत तर जिन्यात मांजरसुद्धा दिसत नाही. मामा तेवढे मागे, सगळ्यांच्या तुळशींना पाणी घालत. परत येताना जो तो गावाहून काहीतरी आणायचा, मामांच्या हातावर ठेवायचा आणि सहज विचारायचा, “तुम्ही कधी जाणार गावाला?” मामा म्हणायचे, “बघू, पावसाळा संपला की.” असे कितीतरी पावसाळे संपले. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी कुलदैवत विचारलं तेव्हा तर मामांनी घाबरून माझंच सांगून टाकलं. तेव्हापासून ती बिचारी दरवर्षी माझ्या देवीची ओटी भरते, आणि मला ते तिला सांगायचा धीर होत नाही.

अशात एका लग्नात, ऐन बँडच्या गोंगाटात, दादऱ्याला नातवाकडे राहणाऱ्या त्यांच्या नव्वदीच्या आत्या कानाशी वाकून म्हणाल्या, “तुझा बा चेकचा. ठाव नाय तुला?” मामा पुढे काही विचारणार तोवर आत्यांचा टेंपो निघून गेला. घरी येऊन मामांनी नातीला मोबाइलवर शोधायला लावलं. तिनं नकाशा काढून बोट ठेवलं आणि म्हणाली, “आजोबा, हा देश आहे. युरोपात.” मामा त्या बोटाखाली वाकले आणि हळूच म्हणाले, “आपल्याला समुद्र नाही वाटतं.”

झालं. आत्यांना पुन्हा विचारायची मामांना गरजच वाटली नाही, दुसऱ्या दिवसापासून पुरावे जमायला लागले. मामांचे डोळे घारे. मामांना तिखट सोसत नाही. मामांना बटाटा आवडतो. आणि सर्वांवर कडी म्हणजे वडील जन्मभर चौकड्यांचाच शर्ट घालत. “लोक त्या कापडाला चेक्स म्हणतात,” मामा मला डोळे बारीक करून म्हणाले, “उगाच म्हणतील?” मी सांगून पाहिलं की नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्यावर ते म्हणाले, “मी कुठं ऋषी? मी आवक-जावकचा कारकून.” या घाऱ्या डोळ्यांचा वारसा बायकोकडेही असल्यामुळे माझ्या घरातही युरोप शिरला. आमटीत मिरची निम्म्यावर आली. तक्रार केली तर म्हणायची, “आमच्यात नाही चालत एवढं.”

मग नातेवाईक धुंडाळणं सुरू झालं. माझी स्कूटर, मागे मामा, त्यांच्या मांडीवर वही आणि वहीत माझ्याच शाळेची फूटपट्टी. फूटपट्टी नाकं मोजायला. खेरडीला आत्यांच्या आजोळचं एक शेतकरी घर होतं, तिथं आम्ही अख्खी सकाळ अंगणात बसून अकरा नाकं मोजली. घरातली माणसं इतकी सालस की एकानंही ‘कशाला?’ म्हणून विचारलं नाही, उलट सरकारी योजना असेल म्हणून शेजारच्यांनाही बोलावलं. ‘तुमच्यात कोणी गोरंपान होतं का?’ या प्रश्नावर घरधन्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि म्हणाला, “तसा कोणी नाय भाऊ, एक बैल सोडला तर.” मामांनी गोठ्याकडे एकदा पाहिलं, मग फूटपट्टीकडे पाहिलं. मी घाईघाईनं स्कूटर सुरू केली.

पुढे आमच्या खालच्या मजल्यावरच्या धुळ्याच्या फिटरनं बातमी आणली की राखोलीच्या त्याच्या कारखान्यात माग बसवायला खुद्द चेक देशातून इंजिनिअर आलाय. मामा दोन रात्री झोपले नाहीत. “सायेब एकदम सीधा माणूस आहे काका,” फिटर म्हणाला, “पण त्याचा टाइम टाइट राहतो, जेवणाच्या सुट्टीत या.” आम्ही शाल, नारळ आणि पुरणपोळीचा डबा घेऊन फाटकाशी हजर. आतून साडेसहा फुटांचा तांबूस गडी आला. मामांनी त्याला ‘दादा’ म्हटलं, कारण मूळ घर त्याच्याकडे, म्हणजे थोरली पाती त्याची. मामा मराठीत म्हणाले, ‘आम्ही पण चेक.’ फिटरनं ते हिंदीत सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझरनं इंग्रजीत साहेबाला सांगितलं, आणि मधे कुठे काय सांडलं देव जाणे, साहेबानं खिशातून पाना काढला आणि कुठलं यंत्र चेक करायचं आहे ते विचारलं. पण माणूस खरंच सरळ. शाल पांघरून घेतली, पोळी उभ्या उभ्या खाल्ली, आणि मामांनी हातवारे करून गाव विचारलं तेव्हा मोबाइलवर आपल्या गावाचा फोटो दाखवला. टेकडी, पिवळं घर, घरापुढे दोन गाई. मामांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “गाई आहेत,” ते मला म्हणाले, “आपल्यासारखंच आहे रे सगळं.” तिथं मात्र मला हसू आलं नाही.

मामांनी पासपोर्ट काढला. लोकरीची टोपी आणली आणि भर एप्रिलमध्ये ती घालून सवय करायला लागले. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघायचं तर वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला हवं, म्हणून आम्ही दादऱ्याला आत्यांकडे गेलो. आत्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. मामा वाकले.

“कुठं निघालास?” आत्यांनी विचारलं.

“चेकला जातोय आत्या. मूळ गावी.”

“चेकला?” आत्यांनी त्यांच्या टोपीकडे पाहिलं. “मंग रिक्षानं जा ना. वीस मिन्टं लागतात.”

मी कपाळावर हात मारायला उचलला होता, तो आत्यांचा चेहरा बघून खाली आणला. त्यांनी लसूण बाजूला ठेवला. त्यांच्या लहानपणी या बाजूला पोर्तुगीज आणि त्या बाजूला इंग्रज, मधे हद्दीवर नाका. नाक्यावरचे शिपाई दिवसभर ‘चेक, चेक’ ओरडायचे, म्हणून लोक त्या जागेलाच चेक म्हणायला लागले. आत्यांचे वडील तिथं शिपायांना पाणी भरायचे. एकदा रांगेत एक बाई उभी होती, कडेवर मूल, अंगात ताप. शिपायांनी तिचे कागद ठेवून घेतले आणि तिला थांबायला सांगितलं. ती दोन दिवस तिथंच थांबली आणि तिथंच गेली. कागद शिपायांकडून परत आलेच नाहीत, त्यामुळे कुठल्या बाजूनं आली होती आणि कुठल्या बाजूला जायचं होतं, कोणाला कळलं नाही. मूल आत्यांच्या वडिलांनी घरी आणलं. “बानं आणून माझ्या मांडीवरच दिला त्याला,” आत्या म्हणाल्या. “लोक म्हणायचे, चेकचा. तोच तुझा बा.”

म्हणजे खेरडीला मोजलेली अकराच्या अकरा नाकं मामांची कोणीच लागत नव्हती. मामांनी टोपी काढली. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

“म्हणजे तू माझी आत्या नाहीस?”

“नाय कशी?” आत्या चिडल्याच. “मंग जल्मभर भांडले कोणाशी मी?”

मामा हसले, पण लगेच त्यांनी विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

आत्यांनी पदराचं टोक चाचपलं. “पोराचं विचारलं होतं बानं,” त्या म्हणाल्या. “तिचं विचारायचं राहून गेलं.”

आम्ही रिक्षानंच गेलो. नाका केव्हाच गेलाय. आता तिथं एक पंक्चरवाला, एक चहाची टपरी आणि बसची वाट बघायला एक बाकडं आहे, समोरून कारखान्यांचे ट्रक धूळ उडवत जातात. मामांनी रस्त्याकडेला नारळ फोडला. कोणाच्या नावानं म्हणायचं ते त्यांना सुचेना, म्हणून नुसतेच हात जोडून उभे राहिले. मला तेव्हा रडू आलं, ते मी ट्रकच्या धुळीवर ढकललं.

आता मामा सणावाराला गावाला जातात. पिशवीत धुतलेला शर्ट, डबा आणि नारळ घेऊन, दाराला कुलूप लावून, बिल्डिंगभर सांगून. यंदा होळीला मीही रत्नागिरीला न जाता त्यांच्याबरोबर गेलो. दुपारपर्यंत मामा बाकड्यावर एका बाजूला तोंड करून बसले, दुपारनंतर दुसऱ्या. आपली आजी कुठल्या बाजूनं आली असेल, याचा त्यांना अजून अंदाज येत नाही. संध्याकाळी शिफ्ट सुटलेला एक कामगार येऊन शेजारी बसला. दोन बसेस गेल्या तरी मामा उठत नाहीत हे बघून त्यानं विचारलं, “काका, कहाँ जायचंय तुम्हाला?”

“कुठं नाही रे,” मामा म्हणाले. “गावाला आलोय.”

त्यानं रस्त्याकडे पाहिलं, पंक्चरवाल्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मग थोडा सरकला आणि मामांना सावलीत जागा करून दिली.